सगळ्या भाईंदरचा मालक

रत्नागिरीहून निघालेल्या एस.टी.नं मला सकाळी काशिमीऱ्याला हायवेवर उतरवलं. पिशवीत बहिणीच्या, सुमनच्या लग्नाची पत्रिका होती आणि पत्ता म्हणून एवढंच: शंकर नेवरेकर, भाईंदर पूर्व. हा आमचा सख्खा मामा. त्याची गिरणी बंद पडली त्या साली माझं लग्न होतं; बाबांनी भरमांडवात त्याला 'रिकामटेकडा' म्हटलं. तो भरल्या ताटावरून उठला, तो आठ वर्षं फिरकला नाही. आता सुमन हटून बसली होती. "मला बोहल्यावर न्यायला मामा आला नाही, तर मी खोलीतून बाहेर येणार नाही." आमची सुमन बोलते ते करते.

रिक्षानं केबिन रोडला आलो. पहिल्याच कापडदुकानाच्या पाटीवर खाली कोपऱ्यात 'नेवरेकर'. आमच्याकडे पाटीखाली मालकाचं नाव असतं. म्हटलं, वा मामा! पुढे दाताचा दवाखाना, खाली नेवरेकर. चिकन सेंटर, नेवरेकर. ब्युटी पार्लर, इंग्रजीचे क्लास, अगदी 'येथे लघवी करू नये'च्या खालीसुद्धा नेवरेकर! रिकामटेकड्यानं अख्खं गाव खिशात घातलं होतं. खुशीत एका गाडीवर दाबेली (पावात कोंबलेली गोड-तिखट बटाट्याची भाजी) खाल्ली आणि चिंचेची चटणी शर्टावर सांडून घेतली. गाडीवरच्या पाटीतही मामा होताच. ऐटीत विचारलं, "आपके मालिक नेवरेकर किधर मिलेंगे?"

"कौन मालिक? गाडी अपनी है," तो गुरकावला.

पुढच्या चौकात काळा फळा होता. वर 'दुःखद निधन', खाली नेवरेकर. मधलं वाचायचं भानच राहिलं नाही. तिथेच फळ्याखाली बसलो.

"काय झाला रं?" शेजारी मासळी विकणाऱ्या आजीनं विचारलं.

"मामा गेला. नेवरेकर."

तिनं फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खो खो हसली. "मेला तो दुसरा. नेवरेकर पेंटर हाय, त्यानं नुसता लिवलाय. जा जेसल पार्कात, भिंत रंगवतोय. मेला न्हाय!"

मयताच्या फळ्यासमोर हसू नये, पण मीही हसलो.

जेसल पार्कात मामा शिडीवर होता. निवडणुकीतल्या कुणा उमेदवाराचं नाव रंगवत होता. मी खालून हाक मारली.

"थांब, उतरतोय," तो म्हणाला. "हा पडला तरी चालेल, अक्षर पडता कामा नये."

हात पुसून त्यानं पत्रिका घेतली. पुढून वाचली, मागून वाचली, पुन्हा पुढून वाचली.

"यात माझं नाव नाहीये."

मी पाहिलं. काका, आत्या, झाडून सगळे जावई, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली, सगळे होते. मामा नव्हता. पंधरा दिवस मी त्या पत्रिका वाटत होतो आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"मग मी कोण म्हणून येऊ?" मामा म्हणाला. त्यानं मला घरी नेऊन पोटभर जेवू घातलं आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते भडकणार म्हणून आम्ही दबकून उभे. त्यांनी उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा ओढला, चष्मा लावला आणि पेन उघडलं. बाबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मान वर न करता त्यांनी विचारलं, "शंकर लिहू की शंकरराव?"

"शंकरराव," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाबांनी आधी 'श्री.' लिहिलं.

पहिली पत्रिका टपालानं भाईंदरला गेली. हळदीच्या दिवशी मामा हजर. सुमनला बोहल्यावर नेताना तो तिच्यापेक्षा जास्त रडला. ती पत्रिका त्याच्या खिशात होती, येईल त्याला काढून दाखवत होता. आधी मला हसू आलं. मग वाटलं, भाईंदरभर मी त्याचं नाव वाचत हिंडलो, ते सगळं त्यानं स्वतःच लिहिलेलं. दुसऱ्या कुणी लिहिलेलं हे पहिलंच.