चाळीसवर ठेवा

लेस्टरच्या आमच्या घरात रेडिएटर नाहीत. लाकडी फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरतं. ते तपासायला दर ऑक्टोबरात तोच हीटिंग इंजिनिअर येतो. जन्म इथलाच, आईवडील साताऱ्याचे. दारात बूट काढतो, मोजेही काढतो आणि घरभर अनवाणी फिरतो. सुरुवातीला मला तो आगाऊपणा वाटायचा. थर्मामीटर बॅगेतून सगळ्यात शेवटी बाहेर येतो.

"काकू, पायाला आधी कळतं," एवढंच म्हणतो. चहा विचारला तर "आफ्टर," म्हणतो आणि न पिताच जातो.

गेल्या वर्षी स्वयंपाकघरात तो एका जागी थांबला. तिथे फरशीच्या फळ्यांमध्ये फटी पडल्या होत्या आणि जुन्या शालीत गुंडाळलेलं विरजणाचं पातेलं ठेवलेलं होतं. जिन्याखालच्या कपाटात, बॉयलरच्या पाण्यात गार पाणी मिसळणारा एक व्हॉल्व्ह आहे. थंडीत दही लागेना, म्हणून फरशी अजून तापावी या हिशोबाने मी तो साठ अंशांवर नेला होता.

त्याने व्हॉल्व्ह चाळीसवर आणला. "याच्यावर गेलं की लाकूड क्रॅक होतं." मग मला न विचारता पातेलं शालीसकट उचललं आणि त्याच कपाटात पाइपांशेजारी ठेवलं. "इथे ऑलवेज वॉर्म असतं, काकू."

या ऑक्टोबरात तो आला, बूट-मोजे काढून थेट कपाटाशी गेला. आधी त्याने पातेल्यावरचं झाकण उचलून पाहिलं, मग व्हॉल्व्ह.