गोजरबाईंची सहा अंडी

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार. सोनईजवळच्या एका चर्चमध्ये हंगामाच्या सणाला देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव चालला होता आणि सहा गावरान अंड्यांची बोली चारशे दहा रुपयांवर थांबली. बोली साराबाई भिंगारदिवे यांची.

"वहिनी, कोंबडी सोन्याची हाय का काय?" दीर छगन ओरडला.

"गप रे. तूच चढवलीस."

सगळे हसले. अंडी आणणाऱ्या गोजरबाई मात्र दाराशी अवघडून उभ्या होत्या. त्या चर्चच्या नव्हेत. पण चर्चच्या कोठीतून त्यांना दर महिन्याला धान्य मिळे. त्या उपकाराचं म्हणून सणाला त्यांनी अंडी आणली होती.

कोठी साराबाई सांभाळत. रीत जुनी. स्वयंपाकाला बसताना बाई मूठभर धान्य मडक्यात बाजूला टाकते, रविवारी ते कोठीत येतं आणि गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांना जातं. पूर्वी त्यात बाजरी, मटकी, हुलगे असायचे. रेशन फुकट झालं, भाकरी खाणाऱ्या घरांत तांदूळ साचू लागला, आणि मुठीतही तांदूळच येऊ लागला. कोठी कधी नव्हे ती काठोकाठ भरली. साराबाई त्यातच खूश होत्या.

मग सणाच्या आठवड्यात नेत्रशिबिरातून गोजरबाईंना परत पाठवलं. रक्त फार कमी; ते वाढल्याशिवाय मोतीबिंदूला हात लावणार नाही, डाळी नि अंडी खा, असं डॉक्टरांनी सांगितलं. साराबाई विचारपूस करायला गेल्या, तर अंगणात कोंबड्या कोठीचा तांदूळ टिपत होत्या.

"हे काय हो?"

"रागवू नका. रेशनचा तांदूळ मलाबी मिळतो, वर तुमचा. एकटा जीव, किती खाऊ?"

"आन डाळ?"

"ती कोन देतंय?"

"मग अंडी तरी खावीत."

"ती इकते. तेलामिठाचं भागतं."

साराबाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. म्हणूनच लिलावात त्या अंड्यांवर अडून बसल्या, आणि बोली जिंकून तिथंच बोलल्या, "तांदळाची काळजी सरकारनं मिटवली, त्याचे उपकारच मानू. पण ज्याला तांदूळ मिळतोच, त्याला आपन तांदूळच नेऊन देतोय. आजपासून मूठ डाळीची, मटकीची टाका."

छगननं दोन पायल्या मूग कबूल केले. साराबाईंनी अंडी गोजरबाईंच्या ओटीत ठेवली.

"अहो, देवाला दिलेली मी!"

"देवाला पोचली. आता माझी हायेत, मी कुनालाबी देईन. इकलीत तर बघा!"

फेब्रुवारीत डॉक्टरांनी रक्त पुन्हा तपासलं आणि ऑपरेशन झालं. नीट दिसू लागल्यावर गोजरबाई एकट्याच, कुणाचा हात न धरता, साराबाईंच्या दारी आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"बाई, तुमी लईच म्हाताऱ्या झालाय की!"

साराबाईंनी हसत डोळे पुसले आणि चहा टाकला.

लिलावाच्या चारशे दहापैकी साठ रुपये साराबाईंकडून चर्चला अजून येणं आहे.