छप्पन्न कोटींवर अडलेले झिपरूआप्पा

झिपरूआप्पा गेल्याचा निरोप डिंडोलीहून आला, तेव्हा मी दोनदा खात्री करून घेतली. त्यांच्याच संगतीचा गुण... कानावर आलेलं काहीही ते ठोकून पाहिल्याशिवाय घेत नसत. पण शेजारच्या दुकानात आलेल्या फोनवर त्यांची सूनच बोलत होती. या गोष्टीला आता सव्वा महिना झाला.

आम्ही दोघे धुळ्याकडचे, सुरतेत बमरोलीच्या एकाच कारखान्यात लूम चालवणारे. सुट्टीच्या दिवशी मी मंदिरात पोथी वाचायचो, म्हणून लोक मला बुवा म्हणत. एक्याण्णवच्या जनगणनेनंतरची गोष्ट. यादवांच्या नाशाचा अध्याय आला, मी ‘छप्पन्न कोटी यादव’ म्हणालो आणि आप्पांनी मध्येच विचारलं, “बुवा, इतला लोके पानी कथाईन पेयेत?” नळावरची भांडणं रोज सोडवणाऱ्या माणसाला आधी इतक्यांना पाणी कुठून, हेच सुचणार. लोक हसले. मला मात्र वाटलं, हा चारचौघांत माझी फजिती करायला टपलाय.

मग त्यांचं ते सुरूच झालं. आजचा अख्खा देश चौऱ्याऐंशी कोटींचा, मग एकट्या द्वारकेत छप्पन्न? आप्पा स्वतः द्वारकेला जाऊन जुनं गाव पावलांनी मोजून आले. समुद्रात भिंती आणि जहाजांचे दगडी नांगर सापडल्याचं कात्रण मी पुढे केलं, तर म्हणाले, “नांगर सापडनात, पन चुली कितल्या सापडन्यात?” एका गुजराती मास्तरांनी मला सांगितलं, पोथीत या ठिकाणी कोटी म्हणजे कुळ असेल. मी मोठ्या ऐटीत ते आप्पांना ऐकवलं. त्यांना त्याचाही संशय आला. “मांगला अध्यायमा कोटी म्हंजे करोडच व्हतं ना?”

मी चिडलो. “सरकारी मोजणीवर भरवसा आहे, पोथीवर नाही?”

“भरोसा? माले तं कोनी मोजंच नही.”

तेव्हा त्यांच्या खोलीत चार खाटा आणि आठ माणसं होती. चौघं झोपलेले असत, तेव्हा चौघं पाळीवर. मोजणाऱ्याने खाटांवरची चार डोकी लिहिली आणि तो पुढे गेला. हे सांगताना आप्पांचे डोळे भरले होते. मला तेही नाटक वाटलं. “आप्पा, तुम्ही पोथीला येत जाऊ नका,” मी म्हणालो. त्यांनी पोथीला नमस्कार केला आणि ते गेले. पुढे कारखान्यात आम्ही बोलायचो, तुटलेल्या धाग्यापुरतं. मी त्यांना परत बोलावलं नाही... याची मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात तोच अध्याय आला. आकडा वाचला आणि मी थांबलो. सगळे माना डोलवत होते. मी म्हणालो, “मंडळी, हा आकडा मला पटत नाही.” इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

कुणी हसलं नाही. मागून एकजण हळूच म्हणाला, “बुवा, आज वाचायला दुसऱ्याला बसवू का?”

मी पोथी त्याच्या हातात दिली. भिंतीजवळ सतरंजीचा एक कोपरा अजून रिकामाच असतो, आप्पांचा. मी तिथे जाऊन बसलो.