धोंड्यामागची मोकळी जागा

काल मोबाईल हातातून पडला आणि काचेखाली शाईसारखा काळा डाग पसरला. बोट दाबलं की डागाभोवती रंग हळूहळू फिरायचे. बघता बघता मला आमच्या पुसेगावचा माळ दिसायला लागला.

माझी धाकटी बहीण सुमन तेव्हा नांदेडला शिकायची. एकदा ती घरी आली होती आणि दुसऱ्या दिवशी तिची तोंडी परीक्षा होती. मी मेंढरं राखत होते आणि ती वही घेऊन माझ्यामागं.

"आक्का, कॅल्क्युलेटरच्या काचेत एक पातळ द्रव असतोय. त्यातले कण सगळे एकीकडंच तोंड करून राहतात. त्यात बारीक मणी टाकला की मण्यापाशी एका जागी कणांची रांग बिघडती, अन् दुसरा मणी जाऊन बराबर तिथंच बसतो. काहून, ते मला सांगता येऊन न्हाई राहिलं."

चौथीत शाळा सुटलेली मी काय सांगणार? नुसतं बोट दाखवलं. उन्हात धूळ तरंगत होती. एकीकडं तोंड करून उतरणारा कळप एका धोंड्याशी दोन्हीकडं फाटला, त्यामागं जरा मोकळं राहिलं, आणि एक कोकरू नेमकं तिथं जाऊन थांबलं.

"तिथं उभं राहिलं की कुणाची वाट मोडत न्हाई," मी म्हणाले.

"परत सांग आक्का, हळू. लिहून घेते."

मला वाटलं, माझं मन राखतेय. "चेष्टा करती व्हय गं?" म्हणत मी तोंडाला पदर लावून पुढं निघाले.

सुमन पास झाली, पण तेवढं उत्तर अडलंच. तिला माझं बोलणं खरंच हवं होतं, हे आता कळतं. म्हणून आज लिहिलं, सुमे. हळू लिहिलंय.