जाखाईचा एक्स-रे

पुण्यात वस्तुसंग्रहालयात नोकरी करणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. तिथे बघण्यासारखं काय आहे, आणि स्वच्छतागृह कुठे आहे. दुसरा प्रश्न विचारणारे जास्त. मी तिथे जुन्या वस्तूंच्या डागडुजीचं काम करत असे. हुद्दा 'संवर्धक' असा भारदस्त होता. सासरी कुणी "म्हणजे नक्की काय करतेस?" म्हणून विचारलं की मी "धूळ पुसते" म्हणायचे आणि सगळ्यांचं समाधान व्हायचं.

आमचं संग्रहालय छोटं, एका न्यासाचं. संचालक एकदा परदेशी जाऊन आले आणि येताना यंत्रांचं वेड घेऊन आले. तिकडे म्हणे कुठलीही वस्तू नुसत्या डोळ्यांनी बघतच नाहीत. डोळ्यांनी काय, कुणीही बघतं. मग हिंजवडीच्या एका कंपनीतली उत्साही मंडळी आमच्याकडे कॅमेरे घेऊन येऊ लागली. त्यांनी एका पानदानाचा थ्रीडी स्कॅन केला आणि ते पानदान आहे असं सिद्ध झालं. एका सरदाराचं तैलचित्र इन्फ्रारेड कॅमेऱ्याखाली धरलं, तेव्हा चित्रकाराने मिशा आधी जरा आखूड काढल्या होत्या असं आढळलं. त्या मिशांवर संचालकांचं व्याख्यान झालं. श्रोत्यांमध्ये आम्ही कर्मचारी होतो, आणि उन्हाचं आत येऊन बसलेलं एक जोडपं.

अशात जाखाई आली.

हिंजवडीच्या पलीकडचं एक गाव आयटी पार्कच्या पोटात गेलं होतं. तिथला रस्ता रुंद करताना जाखाईचं देऊळ मध्ये आलं, असं सरकारी कागद म्हणत होते. माझ्या मते रस्ता मध्ये आला होता, जाखाई आधीपासून तिथेच होती, पण मला कुणी विचारलं नाही. जाखाई म्हणजे त्या गावाची देवी. कोरीव मूर्ती वगैरे नाही, नुसता तांदळा, म्हणजे शेंदराचे थरावर थर चढून मोठ्या कलिंगडाएवढा झालेला गोळा, आणि त्यावर बसवलेले चांदीचे दोन डोळे. देऊळ पाडलं. देवी कुठे न्यायची यावरून भावकीत जुंपली. मग भांडण मिटेपर्यंत तात्पुरती म्हणून तिची रवानगी आमच्याकडे झाली. पुण्यात 'तात्पुरतं' म्हणून झालेल्या गोष्टींचे सुवर्णमहोत्सव होतात, हे त्या बिचाऱ्या गावाला ठाऊक नव्हतं.

भांडण मिटलं. उरलेल्या तुकड्यावर नवं देऊळ बांधून झालं, आणि ज्या घराकडे देवीचा मान होता त्या घरची कर्ती बाई तिला न्यायला आली. गावाकडची बाई येणार म्हणून संचालकांनी तिच्यापुरता अर्धा चहा सांगून ठेवला होता. ती आली ती आमच्या फाटकातून आत शिरेना एवढ्या गाडीतून. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, पायांत नातवाचे असावेत असे पांढरेशुभ्र बूट. कॅमेरेवाली मंडळी ज्या काचेच्या इमारतीत बसत होती, तिच्याखालची जमीन एके काळी हिचीच, तिथे ज्वारी व्हायची. हे कळल्यावर संचालकांनी चहा पूर्ण केला.

"आईला न्यायला आलेय," ती म्हणाली. "घट बसायच्या आत घरी पायजे. नव्या देवळात पयलं नवरात्र हाय."

नवरात्राला अजून अवकाश होता. संचालकांनी तिला समजावलं की शेंदराच्या आत यादवकालीन मूर्ती असण्याची दाट शक्यता आहे, आणि आता ती न फोडताही बघता येते.

"आन मूर्ती निगाली तर?"

"निघाली तर ती राष्ट्राची ठेव. मग इथेच राहील."

"न्हाई निगाली तर?"

"मग तुमची तुम्हाला, मावशी. शब्द आहे माझा. त्याच दिवशी घेऊन जा."

बाईने जरा विचार केला. "म्हंजी आत आई असली तर माझी न्हाई, आन नुस्ता दगूड असला तर माझी."

"तसं नाही अगदी," संचालक म्हणाले. तसंच होतं.

तिच्या जागी मी असते तर तिथल्या तिथे भांडले असते. ती भांडली नाही. दर मंगळवारी येऊन देवीच्या समोर खुर्ची टाकून बसू लागली. येताना तेल-शेंदूर आणायची, आणि मी तो लावू द्यायचे नाही, कारण नवा थर चढला तर तपासणीत घोटाळा होईल. "कोरडी पडलीय वो," ती म्हणायची. मी तिला वस्तूंच्या संवर्धनाची तत्त्वं सांगायचे. ती ऐकून घ्यायची आणि डब्यातली धपाटी पुढे करायची. मला ती बाई आवडू लागली होती. आत काहीही निघू नये असं मला मनातून वाटत होतं, आणि हे ज्या संस्थेचा पगार घेते तिच्या विरुद्ध आहे हेही कळत होतं. पगार घेतच होते.

पहिला प्रयत्न संचालकांनी ओळखीतून जमवला, कर्वेनगरच्या एका तपासणी केंद्रात, जिथे माणसांचे सीटी स्कॅन होतात. जाखाईला चादरीत गुंडाळून चाकांच्या खुर्चीवर बसवून नेलं. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"जाखाई," मी म्हणाले.

"वय?"

"तेच काढायचंय," संचालक म्हणाले.

"गरोदर आहेत का? बायकांना विचारावंच लागतं."

मी नाही म्हणून सांगितलं, पण मागून बाईचा आवाज आला, "आई हाय ती. सगळ्या गावाची." मुलीने तेही लिहून घेतलं असावं.

त्या यंत्रात चित्र आलंच नाही. पडद्यावर नुसता पांढरा गोळा. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की शेंदरात शिसं असतं, त्यातून आमचे किरण पार जात नाहीत. थोडक्यात, एवढ्या पिढ्यांनी देवीला एक्स-रेपासून वाचवण्याची चोख व्यवस्था करून ठेवली होती. बाईला फार आनंद झाला. "दावायचं न्हाई तिला," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. मीही हसले आणि मग संचालकांकडे बघून गंभीर झाले.

पण संचालक हार मानणारे नव्हते. हडपसरला एक कारखाना होता, तिथे यंत्रांच्या ओतीव भागांत चिरा आहेत का हे बघायला जबरदस्त ताकदीचं एक्स-रे यंत्र होतं. लोखंडातून आरपार जाणारं. तिथे पंपाच्या दोन भागांच्या मध्ये जाखाईचा नंबर लागला. कामगारांनी आधी चपला काढल्या, मग सुरक्षेच्या नियमाप्रमाणे परत बूट घातले. आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत पडद्यासमोर. बाई माझ्या शेजारी, हातात पदराचं टोक घट्ट धरून.

चित्र हळूहळू उमटलं. मध्यभागी ओढ्यात सापडतो तसा एक गुळगुळीत धोंडा. मूर्ती नाही, कोरीव काम नाही, यादव नाहीत, कुणी नाही.

आणि त्या धोंड्याभोवती डोळे.

शेंदराच्या प्रत्येक जाड थरात डोळ्यांची एक जोडी होती. वरचे चांदीचे, त्यांच्या मागे बोटभर आत दुसरे, त्यांच्या मागे आणखी. शेंदूर चढत गेला की जुने डोळे बुडत, मग कुणीतरी नवे वाहत असे, पुन्हा तेही बुडत. काही मोठे, काही वाकडे बसवलेले, एका जोडीतला एकच राहिलेला. आणि अगदी आत, धोंड्याला टेकून, दोन कवड्या. सगळे एकाच दिशेला, आमच्याकडे बघत होते. माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यभर मी यंत्रांची टिंगल करत आले, पण त्या दिवशी त्या यंत्राने जे दाखवलं ते मी जन्मात पाहिलं नसतं, हे कबूल करायला हवं.

बाई पडद्याजवळ गेली. वरच्या जोडीवर बोट ठेवून म्हणाली, "ह्ये माझं. पोरीच्या डोळ्यात चुना गेल्ता, तवा नवस बोलले व्हते." ती पोर आता काचेच्या इमारतीत दिवसभर संगणकाकडे बघत बसते, हे मला आधीच ठाऊक होतं. मग बोट आत सरकलं. "ह्ये सासूचं असत्याल. तिला रातचं दिसत न्हवतं. ह्ये तिच्या सासूचं... म्होरलं न्हाई ठावं." मग ती तोंडात पदर धरून रडली. दुःखाने नव्हे असं मला वाटलं, पण विचारलं नाही.

संचालकांचा चेहरा उतरला होता. यादवांवर त्यांनी पाटीचा मजकूरसुद्धा तयार ठेवला होता. "धोंडा आहे," ते म्हणाले. "न्या मावशी." शब्दाचे पक्के. बाईने मात्र नेण्याचा मुहूर्त घटस्थापनेच्या आदल्या दिवशीचा धरला होता. संचालकांचा पक्केपणा चारेक दिवस टिकला.

झालं असं की, कंपनीच्या मंडळींनी ते चित्र परदेशातल्या कुण्या प्राध्यापकाला पाठवलं, आणि त्या प्राध्यापकाला म्हणे वेडच लागायचं बाकी राहिलं. असं जगात कुठे नोंदलेलं नाही, असं त्याने कळवलं. आपल्या घरातली वस्तू मौल्यवान आहे हे आपल्याला बाहेरच्याने सांगावं लागतं, ही आपली जुनी परंपरा, ती संचालकांनी मोडली नाही. धोंड्याचा एका रात्रीत 'अद्वितीय सांस्कृतिक दस्तऐवज' झाला. काचेची पेटी आली, दिवे आले, पेटीत हवा किती दमट आहे ते सांगणारं यंत्र आलं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बाई गाडी घेऊन आली. सोबत वेताची नवी कोरी पाटी, तिच्यात तांदूळ पसरलेले, वर हळदीकुंकू. देवीला बसवून न्यायला.

संचालकांनी तिला खुर्ची दिली आणि बराच वेळ संदर्भ, संशोधन, भावी पिढ्या असं काहीबाही बोलले. ती ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "मूर्ती निगाली का?"

"नाही, पण—"

"मग शबूद दिल्ता न्हवं तुमी?"

"तेव्हा संदर्भ वेगळा होता, मावशी. आणि तुम्हाला आम्ही रिकाम्या हाताने पाठवत नाही आहोत." त्यांनी टेबलावरचं फडकं बाजूला केलं. खाली जाखाई होती. थ्रीडी प्रिंटरवर छापलेली, तोच आकार, तोच रंग, बाजूला पडलेली ती बारीक भेगसुद्धा. "अगदी हुबेहूब. केसाचा फरक नाही. ही बसवा देवळात, वजनालाही हलकी."

मला लाज वाटली. इतकी, की मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाईने ती प्लास्टिकची जाखाई एका हाताने उचलली, जरा पारखली आणि परत ठेवली. मला वाटलं आता ती ओरडेल, शिव्या देईल, माणसं बोलावेल. तिच्याकडे माणसं होती, पैसा होता, नगरसेवक तर भावकीतलाच होता. गावजेवणाची आमंत्रणं गेली होती. उद्या सकाळी घट बसायचा होता, आणि देवी आमच्या काचेत होती.

"ऱ्हाऊ द्या तुमाला," ती म्हणाली. "तेवढं माझं डोळं द्या."

संचालक सुटल्यासारखे झाले. वरची जोडी म्हणजे सगळ्यांत अलीकडची, ऐतिहासिक मूल्य काहीच नाही, शिवाय आपल्याकडे सगळी माहिती साठवलेली आहेच. "द्या हो त्यांना," ते मला उदारपणे म्हणाले आणि फोन घ्यायला आत गेले.

मी पेटी उघडली. हत्यारांचा डबा आणला. डोळ्यांखालचं मेण जरा गरम करून, पातळ पात्याने एकेक डोळा सोडवला. चांदीला ओरखडा नाही, शेंदराचा कण सांडला नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतकं चोख काम माझ्या हातून झालं नव्हतं, आणि इतकं नकोसंही.

बाईने पाटीतल्या तांदळावर दोन्ही डोळे शेजारी शेजारी ठेवले. वर कुंकू वाहिलं. मग पायांतले बूट काढून कडेला सारले, पाटी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "चल आये. घरला."

"मावशी, पण देवळात बसवणार काय?" मी विचारलं.

"बसवायला काय, रस्ता मस खणलाय. धोंड्याला तोटा न्हाई आमच्यात." ती दारापर्यंत गेली. काचेच्या पेटीकडे तिने वळूनही बघितलं नाही. अनवाणीच गाडीत बसली.

तिला गाडीपर्यंत सोडून मी वर आले. रोज संध्याकाळी दिवे मालवताना त्या पेटीसमोर माझे हात आपोआप जोडले जायचे. मी काही फार भाविक नाही, पण जायचे. त्या दिवशीही मी समोर उभी राहिले. दिवे उत्तम लागले होते, हवेतला दमटपणा हवा तेवढाच होता. हात उचलले आणि तसेच राहिले. समोर दगड होता.