आबांचं मिनिट

माझे वडील, आबा, लष्करात कवायत शिकवणारे हवालदार होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. आमच्याकडे कांद्याची रोपंसुद्धा हुकूम मिळाल्यासारखी उभी असतात. चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी पंगत बसवली, तेव्हा दोन पाटांमध्ये एवढी जागा सोडली की वाढप्यांना धावावं लागलं आणि नवरदेवाच्या मामांपर्यंत मठ्ठा पोचलाच नाही. मामा अजून आमच्याशी बोलत नाहीत. आबांचं म्हणणं, पंगत सरळ होती.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं. "माणूस कुणीबी हुबा करतंय. मधली जागा हुबी करायला शिकावं लागतं."

मी लोणंदला एका कारखान्यात नोकरी करतो आणि रविवारी मोबाइलवर मोटारींच्या शर्यती बघतो. कोणती गाडी पुढच्या गाडीच्या किती मागे आहे, ते पडद्याच्या कडेला सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत दिसत असतं. निघाले तिथंच परत येणाऱ्या लोकांना दोन तास काय बघायचं, असं बायको विचारते. एकदा आबा शेजारी येऊन बसले. दहा मिनिटांनी म्हणाले, ह्यांना अंतर कुणी शिकवलेलंच दिसत नाही. मी समजावलं की इथं अंतर राखायचं नसतं, तोडायचं असतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी भरतीत नापास झाल्याला वीस वर्षं झाली आहेत हे मला मोजावं लागलं नाही.

तर गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या मंडळानं, कोयनानगरकडच्या घाटात, रीतसर परवानगी काढून मोटारींची चढाई ठेवली. रस्ता अरुंद, म्हणून गाड्या एकदम सोडायच्या नाहीत. पायथ्यापासून दर मिनिटाला एक. पहिली आठ वाजता, दुसरी आठ वाजून एक मिनिटानं, अशा अठरा. वर पंच घड्याळ घेऊन बसणार आणि पोचल्याच्या वेळेतून ठरलेली सुटायची वेळ वजा करणार. मी सहा महिने प्रत्येक सुट्टीत त्या घाटात गाडी घातली होती. मला पहिला नंबर हवा होता. चाळिशीतल्या माणसानं असं बोलू नये, पण हवा होता, आणि आबांच्या डोळ्यांदेखत हवा होता.

पायथ्याचं निशाण अर्थातच आबांच्या हातात. त्यांच्याशेजारी घड्याळ ठेवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. गावातून सैन्यात गेलेली निम्मी पोरं त्यांच्या कदमतालावर तयार झालेली. जागच्या जागी एकशेवीस पावलं म्हणजे एक मिनिट, आणि आबांच्या पावलाचं मिनिट म्हणजे मिनिट. त्यांना घड्याळ देणं म्हणजे पुजाऱ्याला देव दाखवण्यासारखं. वशिला नको म्हणून मला शेवटचा, अठरावा नंबर दिला. आमच्या मंडळाला न्यायाची फार चाड आहे.

आठ वाजता आबांनी पहिली गाडी सोडली आणि कदमताल सुरू केला. छाती पुढे, गुडघा कमरेपर्यंत, आणि एकशेविसाव्या पावलाला निशाण खाली. मधल्या वेळात ते रांगेतल्या गाड्यांनाही सोडत नव्हते. एकाचा बंपर वीतभर पुढे आला, तर त्याला त्यांनी "जैसे थे" म्हणून मागे घ्यायला लावला. पोरगा शर्यतीला आला होता, गेला संचलन करून.

दहाव्या गाडीपर्यंत सगळं चोख होतं. मग मला त्यांचा डावा गुडघा दिसला. तो अर्ध्यावरच थांबत होता. पावलं एकशेवीसच पडत होती, एकही कमी नाही, फक्त हळू. मी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. एकसष्ट सेकंद. मग बासष्ट. आबांचे ओठ मोजत होते आणि कपाळावर थंडीत घाम होता. खाली उतरून कुणाला तरी सांगावं असं मला प्रत्येक गाडीला वाटलं, आणि प्रत्येक गाडीला मी पट्टा घट्ट केला. माझ्या वेळी निशाण पडलं, तेव्हा मी ठरल्या वेळेपेक्षा चौदा सेकंद उशिरा सुटलो.

मी दुसरा आलो. नऊ सेकंदांनी. पहिला आला तो आबांचा गुडघा धड होता तेव्हा सुटलेला. आयुष्यात मी गाडी यापेक्षा चांगली चालवलेली नाही, आणि बहुधा चालवणारही नाही. माझ्या पुढच्या गाडीवाल्याला शंका आली होती. तो मला पंचांकडे ओढत म्हणाला, तक्रार करू, खाली उशीर झालाय, तूच जिंकलायस. पंचांनी मला विचारलं. मी म्हणालो, वळणांवर मीच जास्त ब्रेक मारले. तो मला शिवी देऊन निघून गेला. त्याचंही बरोबर होतं, कारण त्याचेही बारा-तेरा सेकंद गेले होते आणि ते मी त्याला न विचारता देऊन टाकले होते.

परत निघताना आबा माझ्या गाडीत बसायला लागले, तर गुडघा वाकेना. दोन्ही हातांनी पाय उचलून त्यांनी आत घेतला. मग समोर बघतच म्हणाले, "शेवटची मिनिटं लांबली व्हय रं?"

या माणसानं मला लहानपणी खोटं बोलल्याबद्दल भर उन्हात मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

"न्हाई आबा. बरोबर हुती."

त्यांनी थोडा विचार केला. "मग तुला गाडी चालवता येत न्हाई."

"व्हय," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. घर येईपर्यंत ते मला गिअर कवा बदलायचा ते शिकवत होते, आणि ते म्हणतील तिथं मी बदलत होतो.