नदीत न सोडलेला मुखवटा

दोहा शहरात हवा दमट झाली, की आमच्या भिंतीवरच्या मुखवट्याला शिजल्या भाताचा वास सुटतो. थायलंडमधल्या लोई प्रांतातल्या भुतांच्या जत्रेतला तो, भात वाफवायच्या बांबूच्या टोपलीचा केलेला.

बारा वर्षांपूर्वी ऑफिसातल्या थाई नोईने तो तिच्या गावाहून आणला, मीच हट्टाने मागितला म्हणून. देताना तिने तो कापडातूनच धरला होता. मला वाटलं, धूळ लागू नये म्हणून.

"जत्रा संपली की हे नदीत सोडतात, वर्षाची पीडा सोबत जाते," ती म्हणाली.

"मग हा?"

"तुझ्यासाठी ठेवला."

मी हसत खिळा ठोकला. पुढच्या जत्रेला गेलेली नोई परत आलीच नाही, फोनही लागला नाही.

आज मी मुखवटा सोडून यायला तो हातात घेऊन दारात उभी आहे. इथे समुद्र आहे, पण तो टाकलेलं किनाऱ्यावर परत आणतो. नदी मात्र अख्ख्या कतारमध्ये नाही.